पालथं

सकाळी साडेसहाला मी गाय पिळते.
शिशाच्या गोठ्यातली, डब्याएवढी गाय,
तिला आम्ही खरंच गाय म्हणतो.
धार काढायची, मोजायची, घाई करायची:
सहा तासांत निम्मं आपोआप आटतं.
जळगावचं ऊन तेव्हा अजून गच्चीवरच असतं.

हिलाल सैंदाणे, वय एकसष्ट, पारोळा.
हायवेला पंक्चरचं दुकान.
नखांत रबराचं काळं, कुठल्याच साबणानं न हटणारं.
पट्ट्यावर सात मिनिटं बारा सेकंद चालले,
धार दंडात घेतली,
मग बाकावर बसून दोन केळी, पावशेर दूध
शाळेतल्या पोरासारखं संपवलं.

"उताणे झोपा, हात डोक्यावर."
कॅमेऱ्याची दोन डोकी फिरत राहिली त्यांच्याभोवती
ओट्यावरच्या शेजारणींसारखी, कान देऊन.

पडद्यावर काळीज कापाकापानं उतरलं.
एकेक बांगडी, केशरी, पिवळी,
आणि प्रत्येकीला खालच्या अंगाला
भोक.
धावून आल्यावर. कालच्या निवांत चित्रातही.
म्हणजे कागदावरचं वाक्य तयारच होतं:
खालची भिंत, जुना घाव.

मागच्या फाल्गुनात सावद्याच्या इंदुमती फालक.
समोरच्या भिंतीवर फिकट डाग.
त्या दिवशी रांगेत अकरा जण होते,
मी एकच बाजू घेतली.
नाशिकला मनगटातून तार आत गेली
आणि आत सगळ्या वाटा मोकळ्या.
सावली त्यांच्या छातीचीच होती,
हे वाक्य डॉक्टरसुद्धा चाचरत बोलले.
पुढं एका लग्नात भेटल्या.
बांगड्या वर सारून मनगट दाखवलं,
निळ्याचं पिवळं होत आलेलं.
"काही निघालं नाही हो, देवाची कृपा."
मी हातात आइस्क्रीम घेऊन उभी.
वितळेपर्यंत.

"काका, आता पालथे व्हा."
"आते पालथा कसाले वं माय?
इतलं दखी लिधं, आखो काय दखनं शे?"
मी म्हटलं, ट्यूब टबात एकदाच बुडवता का?
ते थांबले.
"नही. फिराईफिराई दखनं पडस."
आणि कुशीवर, कोपरावर, कण्हत, एकदाचे वळले.

पालथ्या घड्यावर पाणी,
आमच्या मास्तरांचं आवडतं वाक्य होतं,
बहुतेक माझ्याकडे बघूनच.
पण पालथं झालं की पोटाचा पडदा खाली सरकतो,
काळीज बरगड्यांकडे झुकतं,
आणि आतापर्यंत अडलेल्या उजेडाला
बाहेर यायला वाट मिळते.
एवढंच. सहा मिनिटांचं काम.
काचेपलीकडे कुणाचा तरी मुलगा
मला घड्याळ दाखवत होता.
काकांचा गाल रेक्झिनला चिकटला,
डोळा लागला, थोडी लाळ आली.

बांगड्या पुन्हा उतरल्या.
खालची बाजू भरली.
अगदी पूर्ण म्हणणार नाही मी,
जरा फिकी, पण भरली.

नेहमी भरत नाही.
गेल्या आठवड्यात चोपड्याच्या एका ड्रायव्हरचं भोक
पालथं होऊनही तसंच राहिलं.
तेही बरंच. आता त्याला
"सावली असेल, जा घरी," असं कुणी म्हणणार नाही.

निकाल सांगणं माझ्या कामात बसत नाही.
काका बाकाखाली चप्पल शोधत होते.
"बुडबुडा निंघना का वं माय?"
"रिपोर्ट उद्या, चार वाजता.
पाणी भरपूर प्या.
आज नातवंडांना मांडीवर घेऊ नका."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.
मग मान वाकडी करून,
दुसऱ्या बाजूनं.